पाण्याला विरजण

काळ्या माशाचं नाव मिरी, हे रिक्षातच ठरलं होतं. केशरी दोघांपैकी गोल तो बुंदी, लांबडा तो केशर, आणि चौथा पांढरा, डोक्यावर लाल टिळा असलेला, त्याचं नाव घरी आल्यावर आईने ठेवलं, पंढरी. लेकीचा आठवा वाढदिवस, जूनचा पहिला रविवार, डोंबिवलीत पाऊस येतो येतो म्हणून येत नव्हता आणि मी मांडीवर दोन फुटी काचेची टाकी घेऊन घामाघूम, पायाशी खडीची पिशवी, आणि लेकीच्या हातात ती फुगवलेली प्लास्टिकची पिशवी, जिच्यात चार जीव प्रत्येक खड्ड्याला एकमेकांवर आपटत होते.

दुकानदाराला मी विचारलं होतं, अगदीच विचारलं नाही असं नाही, की दादा पाणी भरल्यावर किती दिवसांनी मासे सोडायचे. तो म्हणाला, "साहेब, पाण्यातलाच जीव आहे, त्याला पाण्यात सोडायला मुहूर्त कशाला?" हे इतकं बिनतोड वाटलं की मी पुढे काही बोललोच नाही. वर त्याने एक निळ्या औषधाची बाटली फुकट दिली, पाच थेंब टाका म्हणाला, मी सहा टाकले. ते मिथिलीन ब्लू होतं. टाकीच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन आजही आकाशी रंगाचं आहे, पाहुणे विचारतात डिझाईन आहे का, मी हो म्हणतो.

पहिले दोन दिवस आमच्या घरात टीव्ही लागला नाही. चौघंही टाकीसमोर. फिल्टरची घरघर, शिंपल्यातून येणारे बुडबुडे, दाण्याची चिमूट टाकली की चार तोंडं वर. दिवसातून चार-पाच वेळा चिमूट पडत होती कारण घरात माणसं चार आणि प्रत्येकाला वाटे की आपल्या हातचं खाल्लं पाहिजे. पाणी अगदी काचेसारखं, औषधाचा निळा रंगही तोवर फिका पडलेला. मी ऑफिसात फोटो दाखवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिरी शिंपल्याशेजारी तळाला बसलेली, थोडी कललेली, कल्ले भराभर हलतायत. संध्याकाळी मी स्टेशनवरून घरी आलो तेव्हा ती गेलेली होती. तिला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. लेक रडली, मग तिने विचारलं की तिचं वय किती होतं, मला सांगता येईना. उत्साहावर विरजण पडणं म्हणतात ते आमच्या घरात असं अगदी दिसण्यासारखं पडलं, कारण चौथ्या दिवशी पाणीच पांढरं झालं. तांदळाचं धुवण असतं ना, तसं. मागची भिंत दिसेना.

दुकानात फोन केला. "पूर्ण पाणी बदला, सगळं स्वच्छ धुऊन घ्या." आम्ही बुधवारी रात्री अकरापर्यंत धुतलं. खडी चाळणीत घालून नळाखाली, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून, काच मीठ लावून. बायको म्हणाली दिवाळीची साफसफाई पण एवढी करत नाही आपण. पाणी परत काचेसारखं. शुक्रवारी रात्री केशर गेला.

आता मला माहीत आहे की त्या बुधवारी आम्ही नेमकं काय धुऊन टाकलं. तेव्हा एवढंच कळलं की काहीतरी मूळातच चुकतंय आणि आता दुकानात फोन करण्यात अर्थ नाही. शुक्रवारी रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर वाचत बसलो आणि वाचता वाचता एकदम नववी-दहावीतली विज्ञानाची वही आठवली. नायट्रोजन चक्र. आकाशात वीज, खाली गाय, गायीखाली बाण, जमिनीत जीवाणू, परत बाण. मी ते रंगीत पेन्सिलने इतकं छान काढलं होतं की बाईंनी वर्गात फिरवलं होतं. आणि पंचवीस एक वर्षांनी त्या बाणांपैकी एक बाण माझ्या हॉलमध्ये नव्हता म्हणून दोन मासे मेले.

गोष्ट अशी आहे. मासा अमोनिया टाकतो. मला वाटायचं ते शीपासून होतं, तेही होतं, उरलेलं खाणं कुजूनही होतं, पण बराचसा अमोनिया तो थेट कल्ल्यांतून सोडतो, म्हणजे जिथून श्वास घ्यायचा तिथूनच. मासा जिवंत आहे म्हणजे अमोनिया सुरू आहे. नदीत तळ्यात हे कुठच्या कुठे जातं, आणि तिथे ते खाणारे जीवाणू दगडागोट्यावर आधीपासून बसलेले असतात, एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्राइटही विषच, नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते झाडं खातात किंवा आपण पाणी बदलून काढतो. नव्या टाकीत हे दोन्ही गट जवळजवळ नसतातच. ते पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात, आणि फार सावकाश वाढतात, चांगल्या परिस्थितीतही एकाचे दोन व्हायला दिवसभर लागू शकतो. त्यांची पुरेशी वस्ती बसेपर्यंत जो महिना दीड महिना जातो त्याला मासे पाळणारे लोक टाकी सायकल होणं म्हणतात. आणि हे सगळं मासे आत असताना करायचं म्हणजे फिश-इन सायकल.

चौथ्या दिवसाचं धुवणही जीवाणूंचंच होतं, पण ते दुसरे, उरलेलं खाणं खाणारे, उतावळे, रात्रीत लाखोंनी वाढणारे. त्यांना हात न लावता सोडून दिलं असतं तर ते आपोआप गेले असते. ज्यांची गरज होती ते स्पंजवर नुकते कुठे एखाद-दुसरा येऊन टेकले असणार, त्यांना आधी मिथिलीन ब्लू पाजलं आणि मग क्लोरीनच्या नळाखाली पिळलं.

फिश-इन सायकलमधली जी गोष्ट मला अजून टोचते ती ही की त्यात मासा हेच खत असतं. जीवाणू वाढायला अमोनिया पाहिजे, अमोनिया मासा देणार, आणि त्याच अमोनियाने त्याचेच कल्ले भाजणार. पाणी सगळं बदलत राहिलं तर मासा सुखात पण जीवाणू उपाशी, बदललंच नाही तर जीवाणूंची चंगळ आणि मासा कुंडीत. मधल्या एका बारीक पट्टीवर महिनाभर चालायचं. जे लोक आधी टाकी तयार करतात ते मासा न घालता बाहेरून अमोनिया घालतात, म्हणजे अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे कल्हईवाल्याचा?" हो, तोच. पितळेची भांडी तापवून त्यावर तो नवसागर टाकायचा आणि नाकात जाणारा पांढरा धूर यायचा, तो वास ज्यांना आठवतो त्यांना अमोनिया काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. तर शुद्ध नवसागर चिमूटभर घालून, मासे दुकानातच ठेवून, हे सगळं कोणाचा जीव न घेता होतं. मला हे वाढदिवसाच्या नंतर कळलं.

उरलेले दोघं परत देऊन टाकावेत असं बायकोचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. पण लेकीला सांगायची हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर दुकानातल्या त्या गर्दीच्या टाकीत ते जगतील याचीही मला खात्री वाटेना.

टेस्ट किट नवव्या दिवशी आलं. काचेची नळी, पाच मिली पाणी, पहिल्या बाटलीतले आठ थेंब, दुसरीतले आठ, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवं झालं तर आहे, जेवढं गडद तेवढं जास्त. माझं पाणी कैरीच्या सालीसारखं हिरवं झालं. कार्डावर लावून पाहिलं तर ४ पीपीएम, म्हणजे लिटरमागे चार मिलिग्रॅम. ट्यूबलाइटखाली बघितलं, बाल्कनीत जाऊन उजेडात बघितलं, बायकोला विचारलं, तिने तर त्याच्याही पुढचा हिरवा दाखवला. आणि टाकीतलं पाणी त्या वेळी, मी सांगतो, बिसलेरीसारखं दिसत होतं. मला आजही नितळ पाण्याचा तसा भरवसा वाटत नाही.

त्यात एक पोटकलम आहे. किट दाखवतं तो सगळा अमोनिया सारखाच विषारी नसतो. पाणी किती आम्ल किती अल्क यावर त्याची वाटणी होते. पीएच ७ असेल तर त्यातला खरा जहाल भाग शंभरात एकही भरत नाही, ८ असेल तर पाच-सहा भरतो, आणि पाणी गरम असेल तर आणखी थोडा. म्हणजे तेच ४ पीपीएम एका घरात मासा सहन करतो आणि दुसऱ्या घरात मरतो. आमचं पाणी साडेसातच्या आसपास निघालं, म्हणून बुंदी आणि पंढरी अजून पोहत होते, माझ्या हुशारीने नाही.

मग बादल्या सुरू झाल्या. टाकीत दगड वगैरे धरून पन्नास लिटर पाणी. निम्मं बदललं की अमोनिया निम्मा, इतकं साधं गणित, चाराचे दोन, दोनाचा एक, एकाचा अर्धा. सकाळी सहाला पाणी येतं तेव्हा पंचवीस लिटर, रात्री परत पंचवीस. पातळ नळी, एक टोक टाकीत, दुसरं तोंडाने ओढायचं आणि पाणी यायच्या आत बादलीत सोडायचं, हे मला पहिल्या आठवड्यात एकदाही वेळेवर जमलं नाही आणि माशांच्या पाण्याची चव मला आता माहीत आहे. नवं पाणी क्लोरीन काढून घालायचं. त्यासाठी दुकानात पांढरे खडे मिळतात, हायपो म्हणतात, सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये हेच वापरायचे. बादलीत ते विरघळवून ठेवायचं, नाहीतर एक दिवस बादली उघडी ठेवायची. आमच्या बाथरूममध्ये मग कायम तीन भरलेल्या बादल्या, "यांना हात लावू नये" असा लेकीच्या अक्षरातला कागद, आणि अंघोळीला एक तांब्या ठेवायची जागा नाही.

आकडे मी कालनिर्णयवर लिहायला लागलो. तिथे आधीपासून दुधाचा हिशोब असतो, त्यामुळे एकाच चौकोनात तिथी, दूध आणि अमोनिया. महिनाअखेर बायकोने दूधवाल्याला विचारलं की बाराला तुम्ही चार लिटर कसं दिलंत, तो बिचारा त्याची वही काढून बसला. तेव्हापासून अमोनिया हिरव्या पेनाने.

खाणं दोन दिवसांतून एकदा, तेही दोघांत मिळून पाच-सहा दाणे. हे घरात कोणालाच पटेना. आई म्हणायची जीव घरात आणून उपाशी ठेवतोस. मी तिला सांगितलं की आधी जे रोज पाच वेळा घातलं त्याचंच हे झालंय. ती म्हणाली, विहिरीतल्या माशांना कोण घालायचं खायला, आणि मग स्वतःच गप्प बसली, कारण उत्तर तिचं तिलाच मिळालं. आमच्या गावच्या विहिरीत मासे होते, एक कासव होतं, आरोग्य केंद्राच्या लोकांनी डासांसाठी सोडलेले गप्पी होते, आणि पाणी आम्ही प्यायचो. पण ती विहीर आईच्या सासऱ्यांच्याही आधीची. तिच्या दगडांवर जे शेवाळ होतं, ज्याच्यावरून आम्ही घसरायचो, ते कधी कोणी घासलं नव्हतं.

रात्री वाचता वाचता मला एक बापलेक सापडले. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा लंडनमधला रसायनतज्ज्ञ, त्याने १८५० मध्ये एक प्रयोग जाहीर केला. साधारण बारा गॅलनचं काचेचं भांडं, अर्धं पाण्याने भरलेलं, वाळू, दगड, वॅलिस्नेरियाची रोपं, जी आपल्याकडे दुकानात वॅलिस म्हणून मिळतात, आणि दोन लहान गोल्डफिश. पानं कुजून पाणी खराब व्हायला लागलं तेव्हा त्याने पाणगोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजलेलं खाऊन टाकलं आणि त्याचं भांडं महिनोन्‌महिने टिकलं. त्याचा हिशोब हवेचा होता, मासा जे सोडतो ते झाड घेतं आणि झाड जे सोडतं ते मासा घेतो. जीवाणू त्याच्या हिशोबात नव्हते, कोणाच्याच नव्हते. आणि त्याचा मुलगा, नाव तेच रॉबर्ट वॉरिंग्टन, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत बसून मातीतल्या नायट्रीकरणाचाच, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होण्याचाच, पाठलाग करत राहिला. हे काम दोन टप्प्यांत दोन वेगळ्या जीवाणूंकडून होतं हे त्याने दाखवलं पण ते जीवाणू वेगळे काढणं त्याला काही जमलं नाही, ते १८९० मध्ये झुरिकमध्ये विनोग्राड्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने केलं. बापाच्या भांड्यात दोन गोल्डफिश ज्याच्या जिवावर जगले ते मुलगा मातीत शोधत होता. दोघांचं यावर कधी बोलणं होणं शक्यच नव्हतं, बाप आधीच गेलेला.

पण मला धीर दिला तो १८७७ मधल्या दोन फ्रेंच लोकांनी, श्लोसिंग आणि म्युंट्झ. त्यांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडलं. दिवसामागून दिवस अमोनिया वरून जात होता तसाच खालून येत होता. विसाव्या दिवसाच्या सुमारास खाली नायट्रेट दिसायला लागलं आणि अमोनिया गायब. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम बंद. म्हणजे हे करणारं काहीतरी जिवंत होतं. पुढे मातीचं थोडं पाणी आत घातलं, काम परत सुरू. माझा तो तेरावा दिवस होता. मी कालनिर्णयवर विसाव्या दिवसाला गोल केला.

सतराव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत रंग बदलला. ती नळी आधी आकाशी राहायची, त्या दिवशी जांभळी झाली, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी. मी रात्री साडेदहाला बायकोला उठवून दाखवली. ती म्हणाली, "हे विष आहे ना? मग हसतोयस काय?" आता हे समजावणं अवघड होतं. नायट्राइट आलं म्हणजे अमोनिया खाणारे आले. पहिला बाण जागेवर पडला.

आणि तिचंच म्हणणं खरं ठरलं, कारण नंतरचे दिवस आधीपेक्षा वाईट गेले. अमोनिया उतरत होता, कालनिर्णयवर १, मग अर्धा, मग पाव, आणि दोन्ही मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. बुडबुडे जोरात चालू, हवा भरपूर, तरी. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातं आणि रक्ताचं असं काही करतं की त्याला ऑक्सिजन वाहता येत नाही, रक्त लाल न राहता चॉकलेटी होतं. म्हणजे ताटात जेवण आहे आणि हात बांधलेले. यावरचा उपाय इतका घरगुती की मला आधी विश्वास बसेना, मीठ. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या त्याच दारातून आत जातं ज्या दारातून नायट्राइट जातं, आणि दारात गर्दी झाली की नायट्राइट बाहेर राहतं. लिटरला एक ग्रॅमच्या हिशोबाने पन्नास ग्रॅम जाडं मीठ, पाण्यात विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत. आई लोणच्याचं मीठ काढून देताना म्हणाली, "फोडणी पण देतोस का?" दुसऱ्या दिवशी सकाळी पंढरी वरून खाली उतरला होता. एक मात्र झालं, तोपर्यंत टाकीतलं बदललेलं पाणी कढीपत्त्याला जात होतं आणि मिरी-केशरच्या कुंडीत कढीपत्ता असा काही फोफावला होता की शेजारीपाजारी मागून न्यायचे, मिठाचं पाणी मात्र मोरीत ओतावं लागलं.

बाविसावा दिवस रविवार. शनिवारी पाऊस एकदाचा कोसळला होता, घरात बरं वातावरण, मी निवांत पाणी बदललं. तासाभरात दोघं टाकीभर सैरावैरा, मग वर, मग काचेला अंग घासतायत. मला कळेना, कालच तर ठीक होते. खाली वॉचमनला विचारायला गेलो की पाण्याला काही झालंय का, तर नोटीस बोर्डावर कागद, सोसायटीची टाकी साफ केली आहे, पाणी उकळून प्यावे. पावसाळ्याच्या तोंडावर टाकी साफ करून त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर ओतलेली, आणि हात मोकळा सोडून ओतलेली, नळ सोडला तर स्विमिंग पूलचा वास. माझे हायपोचे खडे रोजच्या क्लोरीनच्या मापाने, त्या पाण्यापुढे ते पुरे कसे पडणार. पळत वर आलो, खडे घातले, मग आणखी घातले, पिण्याच्या पिंपातलं आदल्या दिवशीचं पाणी ओतलं. मासे वाचले. जीवाणूंचं काय झालं ते दोन दिवसांनी किटने सांगितलं. अमोनियाची नळी परत हिरवी.

त्या रात्री मी टाकी विकून टाकायच्या विचारात होतो, अगदी मनात जाहिरातही तयार केली होती. ते तसंच राहिलं, सकाळी परत बादल्या. सव्विसाव्या दिवशी आषाढी एकादशी. माशांचाही नेमका उपासाचा दिवस होता, लेकीने वर्गात सांगितलं की आमचा पंढरी एकादशी करतो.

विरजणाचं आईनेच काढलं. एकादशीच्या रात्री ती दही लावत होती आणि मी किचनमध्येच नळी हलवत उभा, तिला सगळी कहाणी परत सांगत, की ते जीवाणू यायला किती वेळ लागतो. तिने चमचाभर दही दुधात फिरवलं आणि म्हणाली, "अरे पण तू विरजण कुठे लावलंयस? नुसतं दूध ठेवून दही होईल म्हणून बसलायस." मग सांगायला लागली की १९८१ मध्ये ती लग्न होऊन डोंबिवलीत आली तेव्हा पहिल्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातून वाटीत विरजण आणलं होतं, तेच अजून चाललंय, मध्ये दोनदा मोडलं तेव्हा तिनेच कधीतरी ज्यांना दिलं होतं त्यांच्याकडून परत आणलं.

मी हे वाचलेलं होतं, चालू टाकीतला स्पंज आणा म्हणून सगळे सांगत होते, पण ते मला मोठ्या हौशी लोकांचं काम वाटायचं. ऑफिसातला एक मित्र ठाण्याला राहतो, त्याची टाकी सहा वर्षं चालू आहे हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. त्याला आजारी मासे वगैरे नाहीत ना एवढं विचारून घेतलं. शनिवारी त्याच्याकडे गेलो. त्याने फिल्टर उघडला आणि आतून जो स्पंज काढला तो बघून माझी बायको किंचाळली असती. तपकिरी, बुळबुळीत, मातीचा वास येणारा, पहिल्या पावसानंतर येतो तसा. घाण वास नव्हता तो. त्याने कात्रीने निम्मा कापला, टाकीतल्याच पाण्यात बुचकळून माझ्या टिफिनच्या डब्यात ठेवला आणि म्हणाला झाकण घट्ट लावू नकोस, त्यांना हवा लागते. तर मी ठाणे ते डोंबिवली, स्लो लोकल, शनिवारची दुपार, मांडीवर अर्धवट उघडा डबा आणि त्यात काळंतपकिरी काहीतरी. शेजारच्या काकांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं, "काय आहे ते?" मी म्हटलं विरजण आहे. ते पलीकडे सरकले.

तो तुकडा माझ्या फिल्टरमध्ये माझ्या पांढऱ्याशुभ्र स्पंजला खेटून बसवला आणि मग काही करायचं नव्हतं. हेच सगळ्यात अवघड गेलं. मोजायचं, लागलं तर पाणी बदलायचं, बाकी हात खिशात. स्पंज धुवायचा नाही. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप, कारण या जीवाणूंना ऑक्सिजन लागतो आणि बंद फिल्टरमध्ये ते काही तासांत गुदमरायला लागतात. पाच दिवसांत अमोनिया शून्यावर आला. नायट्राइट मात्र रेंगाळलं, दुसरा गट नेहमीच उशिरा स्थिरावतो. शाळेच्या वहीत मी त्या गटाचं नाव नायट्रोबॅक्टर असं लिहिलं होतं, आणि १९९८ मध्ये लोकांनी मत्स्यालयाच्या पाण्यात नीट शोधलं तर तिथे हे काम करणारे निघाले वेगळेच, नायट्रोस्पायरा. त्यावर २०१५ मध्ये असंही सापडलं की काही नायट्रोस्पायरा दोन्ही कामं एकट्याने करतात, त्यातला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच आलेला. बाईंना कळवायला हवं.

दीप अमावास्येच्या चौकोनात मी हिरव्या पेनाने ०, ० लिहिलं, आणि खाली नायट्रेट २०. दिवस चव्वेचाळिसावा. त्या रात्री पंढरी नेहमीसारखा प्लास्टिकच्या झाडाखाली उभ्या उभ्या झोपला होता, मासे डोळे उघडे ठेवून झोपतात हे लेकीने तोवर सगळ्या बिल्डिंगला सांगून झालं होतं. बुंदीच्या एका कल्ल्याची कड मात्र तेव्हापासून दुमडलेली आहे, ती सरळ झाली नाही. दुरून दिसत नाही, दाणे घालताना जवळ आला की दिसते.

दुकानदाराकडे नंतर गेलो होतो, दाणे आणायला. त्याच्याकडे तीस टाक्या आहेत, एक नवी भरली तर तो शेजारच्या टाकीतला मळका स्पंज त्यात टाकतो, मी उभा असतानाच टाकला. त्याच्या दुकानात पाण्यातला जीव खरंच त्याच दिवशी पाण्यात सोडता येतो. त्याला कधी लक्षातच आलं नसेल की गिऱ्हाइकाला टाकी दिली, मासे दिले, तो तुकडा दिला नाही. मी सांगितलं. तो म्हणाला, "घाण स्पंज दिला तर लोक पैसे देतील का साहेब?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा वर आला, अकरावीत आहे, त्याने टाकी घेतली म्हणे, मासे अजून आणले नाहीत, कारण आमच्या लेकीने त्याला जिन्यात अडवून अर्धा तास लेक्चर दिलं होतं. मी आमच्या स्पंजचा तुकडा कापला, आता तोही तपकिरी झालाय, टाकीच्या पाण्यात भिजवून श्रीखंडाच्या डब्यात घातला. आईने दारापर्यंत येऊन त्याला बजावलं की झाकण लावू नकोस. तो दोन पायऱ्या उतरला आणि मागे वळून विचारलं, "काकू, हे आज रात्री फ्रीजमध्ये ठेवू ना?"

आई आणि मी एकदमच ओरडलो, नको.